एका ‘ज्ञ’ची तीन स्पेलिंगं

माझं नाव प्रज्ञा. कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका गावात मराठी शाळेत शिकले. इंग्रजीत नाव लिहायची वेळ आली तेव्हा आमच्या हेडमास्तरांनी ‘ज्ञ’साठी डी-एन-वाय लिहायचं, हे पाठ करून घेतलं. आपण मराठी माणसं ‘ज्ञ’चा उच्चार द्न्य असा करतो, म्हणून डी-एन-वाय. कन्नडमध्येही हेच अक्षर आहे. तिथं ते ज आणि ञ जोडूनच लिहितात, त्यामुळं कुणी इंग्रजीत जे-एन करतं. बोलताना मात्र कन्नड माणूस ग्न्य म्हणतो, म्हणून कुणी जी-एन-वाय लिहितं. ज्याच्या त्याच्या कानाला तिन्ही बरोबर. माझ्या कागदांत ही तिन्ही होती आणि ते मला २०२३ च्या फेब्रुवारीत कळलं, दुबईतल्या एका शाळेचं नेमणुकीचं पत्र हातात आल्यावर.

तोवर बारा वर्षं मी बेळगावात एका खासगी शाळेत गणित शिकवत होते. बी.एस्सी. धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाची, २००८ सालची. तेव्हा राणी चन्नम्मा विद्यापीठ व्हायचं होतं, ते २०१० मध्ये झालं. त्याआधी बेळगावातली कॉलेजं धारवाडलाच जोडलेली असायची. बी.एड. कोल्हापूरला केलं, शिवाजी विद्यापीठाचं. आमच्याकडच्या कितीतरी मुलामुलींचं शिक्षण असंच दोन राज्यांत वाटलेलं असतं. दहावी इकडं, पुढचं तिकडं, नाहीतर उलटं. त्यात काही विशेष आहे असं तेव्हा वाटलं नव्हतं.

तिकडच्या भारतीय शाळांचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं. मुलाखत जानेवारीत व्हिडिओवर झाली, पत्र फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात आलं. पत्रासोबत कागदांची यादी होती: पासपोर्ट, दोन्ही पदव्यांची मूळ प्रमाणपत्रं अटेस्ट करून, विद्यापीठाकडून पदवी खरी असल्याचा दाखला, अनुभवाचे दाखले, पोलिसांचा दाखला, तोही अटेस्ट करून. यादी वाचून मी नवऱ्याला म्हटलं, सगळं तर घरात आहे.

अटेस्ट म्हणजे गॅझेटेड ऑफिसरची सही, एवढंच मला ठाऊक होतं. इथं ती साखळी असते. आधी विद्यापीठ सांगतं की पदवी आमचीच. मग ज्या राज्यातली पदवी त्या राज्याचं शिक्षण खातं शिक्का मारतं. त्यावर दिल्लीच्या परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का, त्यावर अमिरातीच्या वकिलातीचा आणि तिकडं पोचल्यावर त्यांच्या परराष्ट्र खात्याचा. अपोस्टिल नावाची सोपी पद्धत आहे, भारत त्या करारात २००५ पासून आहे. त्यातल्या देशांना परराष्ट्र मंत्रालयाचा एक स्टिकर पुरतो. पण संयुक्त अरब अमिराती त्या करारात नव्हती, त्यामुळं आम्हाला पूर्ण साखळी. आणि परराष्ट्र मंत्रालय माणसाच्या हातून थेट कागद घेत नाही, नेमून दिलेल्या एजन्सीमार्फतच द्यावे लागतात.

म्हणून मी बेळगावातला एक एजंट धरला. त्यानं सगळे कागद चाळले आणि बी.एस्सी.चं प्रमाणपत्र बाजूला काढून म्हणाला, “मॅडम, हे लॅमिनेशन काढून आणा. शिक्के मागच्या बाजूला मारतात.”

ते लॅमिनेशन आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी करून आणलं होतं. पदवी पोस्टानं घरी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी ते खानापूरला गेले आणि जाड प्लास्टिकमध्ये घालून घेऊन आले. आमच्या घरातली ती पहिली पदवी. पावसाळ्यात आमच्याकडं भिंतीसुद्धा घाम सोडतात, पुस्तकांना बुरशी धरते, त्यामुळं त्यांचं काही चुकलं नव्हतं. मी फोनवर सांगितलं तर दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं ते स्वतः बेळगावात हजर. मी एकटीनं जाऊ नये असं त्यांना वाटलं.

खडेबाजारात फोटोफ्रेमचं एक लहानसं दुकान आहे. दुकानदार काकांनी आधी नाहीच म्हटलं. “फाटलं तर माझ्या माथी नको.” मग आप्पांच्या तोंडाकडं बघून तयार झाले. त्यांनी टेबलावर जुनं वर्तमानपत्र पसरलं, त्यावर प्रमाणपत्र पालथं ठेवलं, वर एक सुती कापड आणि त्यावरून कोमट इस्त्री. जास्त तापवली की शाई प्लास्टिकला चिकटते, कमी तापवली की डिंक सुटत नाही. थोडा वेळ इस्त्री फिरवायची, कापड उचलायचं, कोपऱ्यात ब्लेडचं टोक घालून बघायचं, परत इस्त्री. कितीतरी वेळानं एक कोपरा सुटला. काकांनी दोन बोटांत प्लास्टिक धरून ते कागदाला समांतर मागं ओढायला सुरुवात केली, केसाएवढं केसाएवढं. आप्पा त्यांच्या हाताकडं बघत सारखे म्हणत होते, “सावकाश... सावकाश.” कुलगुरूंच्या सहीपाशी आल्यावर काका थांबले, श्वास घेतला आणि पुन्हा कापड ठेवलं. सही आली. खालच्या कडेचा थोडा छापील नक्षीचा पापुद्रा प्लास्टिकबरोबर गेला, अक्षर एकही गेलं नाही. पैसे किती विचारले तर चहा सांगा म्हणाले.

बाहेर आल्यावर आप्पा म्हणाले, “वाळवी लागू ने म्हणून केल्तं गं मी.” मला तिथंच रडू आलं. तुमच्या घरी लॅमिनेट केलेली प्रमाणपत्रं असतील तर परदेशाचा विचार यायच्या आधीच त्यांचं काय करायचं ते ठरवा. कागद खराब झाला तर विद्यापीठाकडून दुसरी प्रत मागवावी लागते आणि त्यात किती दिवस जातील ते तुमच्या हातात नसतं.

मूळ पदव्या एजंटाकडं दिल्या आणि मी रोज फोन करत राहिले. “काम चालू आहे मॅडम.” फेब्रुवारी संपला. मार्चच्या पहिल्या आठवड्यात दोन्ही पदव्या आहेत तशा परत आल्या. एजंटानं दोन्ही बेंगळुरूला पाठवल्या होत्या. बी.एस्सी.वर विद्यापीठाची पडताळणी नव्हती म्हणून ती परत आणि बी.एड. तर महाराष्ट्रातल्या विद्यापीठाचं, त्यावर कर्नाटक सरकार शिक्का मारणार कसं? ही गोष्ट त्याला कळायला हवी होती, त्यानं त्याचेच पैसे घेतले होते. पण खरं सांगायचं तर मलाही कळायला हवी होती. जन्म सीमेवर गेला, कुठल्या कामाला कुठलं राज्य हे आम्हाला झोपेतही कळतं, आणि मी प्रमाणपत्र न वाचता त्याच्या हातात दिलं होतं.

त्या रात्री मी सगळे कागद जमिनीवर मांडले. पहिल्यांदा नीट, एकेक अक्षर वाचलं.

दहावीच्या गुणपत्रिकेवर: प्रज्ञा डी-एन-वायनं, आप्पांचं नाव नुसतं ‘के’, मग आडनाव. बी.एस्सी.वरही तसंच, कारण तिथं दहावीवरून उतरवतात. बी.एड.वर महाराष्ट्राच्या पद्धतीनं आधी आडनाव, मग माझं नाव, मग कृष्णा असं वडिलांचं पूर्ण नाव. पासपोर्ट लग्नाआधीचा, २०१४ च्या ऑगस्टमधला. पासपोर्टात आद्याक्षर चालत नाही, नाव फोडून लिहावं लागतं, म्हणून तिथं कृष्णा पूर्ण. आधार कार्डावर लग्नानंतर नवऱ्याचं नाव-आडनाव लावून घेतलेलं, रेशन कार्डात नाव घालायचं होतं तेव्हा, आणि तिथं प्रज्ञा जी-एन-वायनं. लग्नाचा दाखला कन्नडमध्ये. त्याचं इंग्रजी भाषांतर आम्ही आधीच नोटरी करून ठेवलं होतं, त्यात प्रज्ञा जे-एननं.

पासपोर्टात जन्मस्थान बेळगाव, इंग्रजीत जुन्या स्पेलिंगनं. १ नोव्हेंबर २०१४ ला राज्यातल्या बारा शहरांची नावं बदलली, त्यात बेळगावचं इंग्रजीत बेळगावी झालं. म्हणजे माझा पासपोर्ट निघाला आणि तीन महिन्यांच्या आत गावाचं स्पेलिंग बदललं.

मी शाळेच्या एचआरना सगळं खरं लिहिलं. चुका लपवल्या नाहीत, तारखा मागितल्या. त्यांनी एप्रिलअखेरपर्यंत मुदत दिली आणि सांगितलं की त्यांच्यासाठी पासपोर्टावरचं नाव हेच नाव. हे उत्तर माझ्या फार उपयोगी पडलं. पासपोर्टाला हात लावायचा नाही, बाकी सगळं त्याच्याकडं वळवायचं, हे त्या मेलवरून ठरलं. आणि राज्याच्या शिक्क्यांपर्यंतचं काम स्वतः करायचं, एजन्सी फक्त दिल्लीसाठी.

धारवाडचं काम सरळ होतं. सकाळी वायव्य कर्नाटकच्या बसनं निघायचं, कित्तूर ओलांडलं की आलंच. अर्ज, चलन, झेरॉक्स, आणि सांगितलेल्या दिवशी पुन्हा जायचं. मग राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं रात्रभर प्रवास करून बेंगळुरू. खिडकीवरच्या बाईंना माझं कन्नड ऐकून कळलं की मी बेळगावकडची. त्यांनी मला अर्जातला एक रकाना दाखवून हळू आवाजात सांगितलं की इथं दाखल्यावरचंच नाव लिहा, पासपोर्टावरचं नको, नाहीतर शिक्का एका नावावर आणि अर्ज दुसऱ्या नावावर होईल. मी नेमकं तेच करायला निघाले होते. शाळेत कन्नड शिकवायला आमच्याकडं एक बाई होत्या, त्यांनी आम्हा मराठी मुलींना मारूनमुटकून वाचायला लावलं होतं. त्या दिवशी तो फॉर्म मी स्वतः वाचू शकले ते त्यांच्यामुळं.

कोल्हापूरला मात्र मला वेगळंच काहीतरी झालं. बस निपाणी सोडून कोगनोळीचा नाका ओलांडते, दूधगंगेचा पूल येतो आणि रस्त्याकडेच्या पाट्या मराठी होतात. विद्यापीठात अर्ज मराठीत. मी पेन उघडलं आणि थांबलेच नाही. नाव लिहिलं, वडिलांचं नाव लिहिलं, कुठंच कुणाला स्पेलिंग सांगायची गरज पडली नाही. टेबलापलीकडचे गृहस्थ माझा पत्ता बघून म्हणाले, “कर्नाटकातल्या तुम्ही? मराठी अगदी आमच्यासारखं बोलताय की.” त्यांनी कौतुकानंच म्हटलं. मी म्हटलं, “आमची मातृभाषाच आहे ती.” पुढं बोलायचं होतं, पण मागं रांग होती. परतीच्या बसमध्ये ते वाक्य डोक्यातून जाईना. आमच्याकडं मराठीतून कागद मिळावेत म्हणून १९५६ पासून माणसं झगडत आलीत आणि नदीपलीकडच्या शिकल्यासवरल्या माणसालाही आम्ही मराठी आहोत हे नव्यानं सांगावं लागतं. दुखतं ते.

बी.एड.चा पुढचा शिक्का मुंबईचा. तिथं डोंबिवलीच्या मामांनी दोन दिवस रजा टाकून माझ्याबरोबर फेऱ्या मारल्या. त्याबद्दल लिहिण्यासारखं फारसं नाही, काम झालं.

खरी अडचण पोलिसांच्या दाखल्याची.

हा दाखला पासपोर्टच्या वेबसाइटवरूनच मागायचा असतो, फी ५०० रुपये. पूर्वी त्यासाठी आम्हाला हुबळीला जावं लागलं असतं. २०२२ च्या सप्टेंबरअखेरीपासून पोस्टातल्या पासपोर्ट केंद्रांतही ही सोय झाली, म्हणून माझं काम बेळगावातच झालं. अर्ज झाला, आणि काही दिवसांनी आमच्या भागातल्या ठाण्यातून हवालदार घरी आले. वयस्कर, कन्नड भाषक, पण बेळगावातल्या माणसाला येतं तेवढं मराठी येणारे. पासपोर्ट आणि आधार शेजारी शेजारी ठेवून बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “मॅडम, इकडं आडनाव वेगळं, नावाचं स्पेलिंग पण वेगळं. मी एकच व्यक्ती म्हणून कसं लिहू?”

मी लग्नाचा मूळ दाखला पुढं केला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि कन्नड ओळ बोट ठेवून वाचली. मग तेच बोट आधार कार्डावरच्या कन्नड नावावर ठेवलं. एकदा इकडं, एकदा तिकडं. “हेसरु, म्हणजे नाव, एकच आहे की,” म्हणाले. “कन्नडमध्ये दोन्हीकडं बरोबर आहे.”

मी वाकून बघितलं. खरंच. प, त्याला र, मग ज्ञ, मग काना. लग्नाच्या दाखल्यावर जे अक्षर तेच आधारवर. आणि आमच्या लग्नपत्रिकेत, माझ्या शाळेच्या पुस्तकांवर आप्पांनी घातलेल्या नावात, मराठीत, तेही हेच अक्षर. लिपी वेगळी, अक्षर एकच. दोन भाषांनी माझं नाव चाळीस वर्षांजवळ एकसारखं सांभाळलं होतं, भांडण फक्त इंग्रजीत उतरताना लागलं होतं. गेले दोन महिने मी मनातल्या मनात ज्या कन्नड कागदांवर चिडत होते, त्यांच्यामुळंच मी एकच बाई आहे हे सिद्ध होत होतं.

हवालदार म्हणाले, “माझं समाधान झालं, पण वर कागद लागतो. अफिडेविट करा, आणि आधार दुरुस्त होत असेल तर करून घ्या. मी थांबतो चार दिवस.” ते थांबले. त्यांनी त्याच दिवशी नाव जुळत नाही एवढं लिहून पाठवलं असतं तर कुणी त्यांना दोष दिला नसता, आणि माझी नोकरी गेली असती.

अफिडेविट कोर्टाच्या आवारात केलं. ई-स्टॅम्पचा कागद घेतला, टायपिस्टकडं बसले. तिथं तयार नमुना असतो: अमुक आणि तमुक ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची. मी त्यांना तयार नमुना वापरू दिला नाही. प्रत्येक कागदाचं नाव, त्यावरच्या सालासकट, त्यावर माझं नाव जसं छापलंय तसं, आणि शेवटी पासपोर्टावरचं नाव हेच यापुढं वापरणार, असं पूर्ण लिहून घेतलं. ‘के’ म्हणजे कृष्णा, हेही एका वेगळ्या ओळीत. टायपिस्ट कंटाळले नाहीत, उलट म्हणाले की असं लिहून आणणारी माणसं परत येत नाहीत. बेळगावच्या दोन स्पेलिंगांसाठी एचआरना फक्त नाव बदलल्याचा सरकारी आदेश दाखवला, तो त्यांना पुरला.

आधारचं जास्त भय होतं. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. एक संधी मी लग्नानंतर वापरून बसले होते, म्हणजे ही शेवटची. सासूबाईंना वाटत होतं की आडनाव परत माहेरचं का करायचं. मी त्यांना पदव्या दाखवल्या, त्यांना वाचता येत नाही, पण मी बोट ठेवून दाखवलं की इथं आप्पांचं नाव आहे आणि हे कुणालाच बदलता येत नाही. थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, “मग तेच ठेव. शिकलीस त्या नावानं.” त्यांच्याकडून हे ऐकायला मिळेल असं मला वाटलं नव्हतं.

केंद्रावर मी पुरावा म्हणून पासपोर्ट दिला. मुलगा भराभर टाइप करत होता. मी म्हटलं, “स्क्रीन जरा माझ्याकडं वळव बाळा.” इंग्रजी नाव बरोबर होतं, डी-एन-वाय. त्याच्याखाली कन्नड नाव आपोआप उमटलं होतं आणि ते होतं ‘प्रद्न्या’. संगणकानं इंग्रजी अक्षरं बघितली आणि द, न, य अशी जोडून टाकली. आजवर एकाच जागी जे शुद्ध राहिलं होतं, तेच माझ्या दुरुस्तीनं बिघडणार होतं.

मुलगा म्हणाला, “मॅडम, इंग्रजी बरोबर आहे ना? ते कन्नड कोण बघतंय?”

“माझ्या पोलीस व्हेरिफिकेशनला तेच बघितलंय,” मी म्हटलं.

त्याला ‘ज्ञ’ची बटणं सापडेनात. मागं सात-आठ माणसं उभी. शेवटी रांगेतल्या एका कॉलेजच्या पोरीनं पुढं येऊन दाखवलं, आधी ज, मग हलन्त, मग ञ. पडद्यावर अक्षर जोडलं गेलं. मी पावतीवरची दोन्ही नावं दोनदा वाचली, एकदा कन्नड, एकदा इंग्रजी, आणि मगच ५० रुपये दिले.

पुढच्या आठवड्यात नवीन आधार डाउनलोड झालं, हवालदारांनी अहवाल पाठवला, पोलिसांचा दाखला मिळाला. तो आणि दोन्ही पदव्या दिल्लीसाठी एका नेमलेल्या एजन्सीकडं दिल्या, या वेळी प्रत्येक कागदाची पोच घेऊन, मागच्या-पुढच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढून. वकिलातीचे शिक्के होऊन आले तेव्हा एप्रिलचा शेवटचा आठवडा उजाडला होता. प्रवेशाचा परवाना मेलवर पीडीएफ म्हणून आला. मी ते घरातल्या कुणालाही दाखवायच्या आधी नावाची ओळ बोटांनी मोठी केली. डी, एन, वाय. वडिलांचं नाव पूर्ण. आडनाव. मग नवऱ्याला हाक मारली.

शाळेनं मला मेच्या पहिल्या आठवड्यात रुजू करून घेतलं. तिकडं गेल्यावर रक्ततपासणी, एक्स-रे, एमिरेट्स आयडी हे सगळं शाळेनं नेमलेल्या माणसानं करून दिलं, त्यात मला काही करावं लागलं नाही.

हे सगळं सविस्तर लिहिण्याचं कारण म्हणजे आमच्या गावच्या शाळेतल्या मुली. आजही आठवी-नववीत बोर्डाच्या फॉर्मवर इंग्रजी नाव लिहिलं जातं ते घाईत, एका तासात सगळ्या वर्गाचं. आईबाप सही करून मोकळे. कृपा करून त्या दिवशी शाळेत जा. फॉर्म हातात घ्या. पोरीच्या नावात ज्ञ, ळ, ऋ, क्ष असलं तर ते इंग्रजीत कसं लिहायचं ते एकदा ठरवा, घरातल्या भिंतीवर लिहून ठेवा आणि आधार, पॅन, बँक, पासपोर्ट सगळीकडं तेच द्या. वडिलांचं नाव पूर्ण लिहायला सांगा, आद्याक्षर नको. लग्नानंतर कुठल्या कागदावर नाव बदलायचं आणि कुठल्या नाही, हे लग्नघाईत कुणी ठरवू नका, महिनाभरानं शांतपणे बसून ठरवा. आणि पदव्या दोन राज्यांतल्या असतील तर दोन फायली करा, त्यावर राज्याचं नाव मोठ्या अक्षरात.

आता नवऱ्याचा आणि मुलीचा व्हिसा करायचा आहे. त्यासाठी लग्नाचा दाखला लागतो, त्याच्या भाषांतरात अजून जे-एन होतं. परवा नवरा भाषांतर करणाऱ्याकडं जाऊन बसला आणि मला व्हिडिओ कॉल लावला. मधल्या सुट्टीत मी स्टाफरूमच्या बाहेर उभी राहून एकेक अक्षर सांगितलं. नवीन पान टाइप झालं, त्यानं कॅमेऱ्यासमोर धरलं, वर कन्नड, खाली इंग्रजी. मुलगी मध्येच घुसून विचारत होती की आईचं नाव एवढं अवघड आहे का. मी दोन्ही ओळी वाचून बरोबर आहे म्हटलं, मगच त्यानं नोटरीचा शिक्का मारून घेतला. शनिवारचं राणी चन्नम्माचं तिकीट काढलंय त्यानं, बेंगळुरूला स्वतःच जाणार आहे.